हानाकाकूंची ओ

हानाकाकूंना अंगणातून कुणी हाक मारली की त्या आधी खिडकीच्या फटीतून बघत आणि मगच ओ देत. नारळ पाडायला येणाऱ्यालाही ही तपासणी चुकत नसे. नवख्यांना वाटे, म्हातारी बहिरी आहे. प्रत्यक्षात आमच्या परसात फणस पडला तर गडग्यापलीकडून नुसत्या आवाजावर कापा की बरका ते त्या सांगत.

काकू मूळच्या हॉलंडच्या, ज्यू. जर्मनांनी तो देश बळकावला तेव्हा आईने छोट्या हानाला एका शेतकऱ्याकडे लपवलं, मारी हे खोटं नाव दिलं आणि बजावलं, हाना म्हणून कुणीही हाक मारली तरी वळायचं नाही. ती वळली नाही, म्हणून वाचली. आईवडील छावणीतून परतले नाहीत. पुढे लंडनला नर्स असताना रत्नागिरीचे एक डॉक्टर भेटले आणि काकू आमच्या शेजारी आल्या.

लग्नाची हकिकत माझ्या आईने पाहिलेली. सुनेचं नवं नाव लिहायला ताटात तांदूळ पसरले होते. सासूबाईंनी ‘सुहासिनी’ योजलं होतं. काकूंनी नवऱ्याचा अंगठीचा हात धरला आणि मोडक्या मराठीत म्हणाल्या, “एकदा बदललं. माझ्या आईचं आता हेच उरलंय.”

मंडळींत कुजबुज झाली. स्वतःचं गोत्र सांगताना ज्यांना बायकोकडे बघावं लागे, तेही परंपरेवर बोलले. सासूबाई मुलाला म्हणाल्या, “मग हानाच लिही. तांदूळ पसरलेत ते फुकट कशाला?”

नाव राहिलं, पण त्या नावाला वळणं जमेना. हाक आली की काकू जागच्या जागी थिजत. सासूबाईंनी उपाय काढला. रोज संध्याकाळी, काही काम नसताना, विहिरीपाशी उभ्या राहून त्या सगळ्या आळीला ऐकवत, “हाना गोऽऽ! वळ गो, इथे कोण येतंय तुला धरायला?” माझं बालपण या हाकेवर गेलं. काकूंची प्रगती फटीतून बघण्यापर्यंत झाली आणि तिथेच अडली. सासूबाई गेल्या तरी फट राहिली.

मध्यंतरी एका मंडळाने काकूंचा सत्कार केला. अध्यक्ष मानवतेवर घाम येईपर्यंत बोलले आणि शेवटी त्यांना ‘हेलनताई’ म्हणाले. काकू म्हणाल्या, “शाल नको, उकडतंय. नाव तेवढं नीट घ्या.”

गेल्या वर्षी काकू अंथरुणाला खिळल्या. शेवटच्या दिवशी डोळे मिटलेले. काकू, काकू करून सगळे थकले. मी मागच्या दारात उभा राहिलो आणि सासूबाईंच्या हेलात हाक दिली, “हाना गोऽऽ!”

काकूंनी खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. मान थेट दाराकडे वळली.

“ओ,” म्हणाल्या.