कॉम्प्युटरच्या नावाचा तांब्या

किस्से कोणी मुद्दाम घडवत नाही. घरातली माणसं अडचणीत सापडली की ते घडतात, आणि अडचण सरल्यावर त्यांचं हसू येतं. आमच्या अमरावतीच्या घरात या उन्हाळ्यात असे बरेच साचले, आणि सगळे एकाच कॉम्प्युटरचे.

माझी सून कल्याणी घरी बसून मुलांना गणित शिकवते. क्लास पुण्याचा, मुलं गावोगावची. जुना कॉम्प्युटर धापा टाकायचा, म्हणून तिनं डबा तोच ठेवून आतलं सगळं नवं बसवून घेतलं. क्लासच्या मॅडमनी बजावलं होतं, "नव्या बॅचला अडथळा नको. घरून जमत नसेल तर पुण्याला येऊन शिकवा." पुणं म्हणजे मुलगा, सून, नात, सगळेच जाणार. देवापुढे बसले की माझं एकच मागणं असायचं, एवढं यंत्र सुरळीत चालू दे.

*

पहिल्याच सकाळी पडदा काळा. आत पंखा फिरतोय, दिवे लागलेत, चित्र मात्र नाही. वायरी आमच्या ह्यांनी जोडल्या होत्या. हे मराठीचे निवृत्त शिक्षक. "पडदाच गेला," म्हणून निकाल दिला आणि दुकानात जायला चप्पल घातली.

कल्याणीनं मागे वाकून पाहिलं. चित्राची वायर जुन्याच भोकात होती, नव्या बसवलेल्या चित्राच्या कार्डाचं भोक खाली रिकामं. तिनं वायर बदलली, चित्र आलं.

हे चप्पल काढत म्हणाले, "म्यां वायर बरोबरच लावली होती. भोक त्या दुकानवाल्यानं बदललं."

*

दोन-चार दिवसांनी कॉम्प्युटर सुरूच होईना, नुसता शिट्ट्या मारायला लागला. मी देवळात निघाले होते. कुकर चढवून ह्यांना सांगून गेले, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा."

मी परतले तोवर कल्याणीनं आतली मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली होती, खट्ट आवाज येईपर्यंत दाबून बसवली होती, आणि तिचा तास सुरू होता. ह्यांनीही काम चोख केलं होतं. तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद.

त्या दिवशी कॉम्प्युटर शिजला, वरण कच्चं राहिलं.

*

मग ऊन वाढलं. दुपारी तो आतून तापायचा आणि तास चालू असतानाच बंद पडायचा. म्हणून घरातला एकुलता एक कूलर, पाणी न भरता, त्याच्या तोंडासमोर लागला. वारा तिथं म्हणून आम्हीही तिथंच. कल्याणीच्या मागे जमिनीवर मी, हे आणि नात, तोंडावर बोट ठेवून.

एके दिवशी तिनं मुलांना गणित घातलं. कोणीच बोलेना. मागून ह्यांचा आवाज आला, "एक्स बरोबर पाच."

मुलांनी विचारलं, "मॅडम, हे कोण?"

"कूलरसमोरचे विद्यार्थी," ती म्हणाली. "उत्तर चुकलं त्यांचं."

*

नवी बॅच सोमवारी सुरू होणार, आणि आदल्या आठवड्यात माइकमधून घुंऽऽ असा आवाज जायला लागला. माइक बदलला, वायर बदलली, आवाज तसाच. कल्याणीनं माळ्यावरची बॅग खाली काढून पुसून ठेवली.

घराला पोसणाऱ्या वस्तूला दर गुरुवारी हळदकुंकू लावायचं हा माझा नेम. शिलाई मशीन झाली, स्कूटर झाली, मग ओल्या बोटांनी, अनवाणी, कॉम्प्युटरकडे वळले. डब्याच्या लोखंडी कडेला बोट टेकलं आणि हाताला झिणझिण्या आल्या.

"देवी आली वाटते," हे म्हणाले.

कल्याणी मात्र ताडकन उठली. ती कायम चपला घालून बसायची, तिला हा शॉक कधी लागलाच नव्हता. तिनं लगेच बटण बंद केलं आणि वायरमनला बोलावलं. त्यानं सगळं तपासलं आणि आम्हाला परसात नेलं. अर्थिंगच्या खड्ड्याभोवती आमची काळी माती उन्हानं अशी भेगाळली होती, की भेगेत हात जावा.

"जमीन सुकली, काकू. करंट जाईन कुठं? उन्हाळाभर पाणी टाका इथं."

"कॉम्प्युटरच्या बिमारीवर बादलीनं पाणी?" ह्यांनी विचारलं.

पण पाणी मुरलं, आणि घुंऽऽ थांबलं. सोमवारचा तास स्वच्छ ऐकू गेला. बॅग माळ्यावर गेली.

*

तेव्हापासून रोज सकाळी मी तिथं एक तांब्या ओतते. शेजारच्या विमलबाईंचा मुलगा मागच्या वर्षी नोकरीसाठी बायको-पोरांसकट पुण्याला गेला. घरात त्या एकट्याच. एकदा कुंपणावरून त्यांनी विचारलं, "काय व, तुळशीले घातलं, आता कोणाले घालून राहिली?"

मी घाईत होते. म्हटलं, "सून-पोरानं इथंच राहावं म्हणून घालतो, बाई."

दुसऱ्या दिवशी मी तांब्या घेऊन गेले, तर तिथली माती आधीच ओली होती. वर मोगऱ्याची दोन फुलं, आणि विमलबाई रिकामा तांब्या घेऊन, हात जोडून उभ्या.

मी माझाही तांब्या तिथं ओतला.