भंगारात गेलेला कॉम्प्युटर ओरडला

भूत-बित, करणी, चकवा... असलं काही मी कधीच मानलं नाही. आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालेली बाई मी. वायर तुटली की करंट बंद, इतकं साधं माझं जग. तरी हे लिहितेय, कारण ज्यांना सांगायचं ते ऐकत नाहीत आणि माझा संताप काही केल्या उतरत नाही.

चिकलठाणा एमआयडीसीत आमचं छोटं प्रेस शॉप आहे, पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या मशीनचं. मी मेंटेनन्स बघते. सगळ्यात जुन्या प्रेसवर शेषरावमामा असतात, मुकुंदवाडीचे. त्यांच्या बाजूला टेबलावर एक जाडजूड जुना कॉम्प्युटर होता, मागून पोट सुटलेल्या मॉनिटरसकट. तो जॉब, म्हणजे तयार होणारे भाग, मोजायचा. पण त्याचं खरं काम वेगळंच होतं. या प्रेसचा क्लच अधूनमधून घसरतो आणि पॅडल न दाबताच वरचा ठोकळा खाली यायला लागतो. सेन्सरमुळे ते कॉम्प्युटरला आधी कळायचं आणि तो असा किंचाळायचा की मामा हात मागे घ्यायचे. क्लच बदला म्हणून मी कितीदा सांगितलं! "बघू," एवढंच उत्तर.

आता हे समजून घ्या... प्रेसवरचा माणूस स्क्रीनकडे बघत नाही. त्याची नजर जॉबवर असते. तो कानावर काम करतो.

मालकांच्या चिरंजीवांना हे कोण सांगणार? जुन्याचे पार्ट मिळत नाहीत, हे मलाही मान्य. पण त्यांनी ऑनलाइन मागवली तळहाताएवढी एक स्वस्त डबी, आणि सोबत पातळ स्क्रीन. धोका असला की स्क्रीन लाल होणार. डबीला स्पीकरच नाही! मी म्हटलं, निदान एक भोंगा तरी लावा.

"अरे मॅडम, वो जमाना गया. लाल होतंय ना? दिसतंय की."

दिसतंय कुणाला? केबिनमध्ये बसलेल्याला?

जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याने गेटवरच फोडला. बोर्डाचे दोन तुकडे झाले. आतला बटणाएवढा स्पीकर टेम्पोच्या चाकाखाली गेला, तो मी स्वतः बघितला. हे मुद्दाम सांगतेय.

मग खंडेनवमी आली. दरवर्षी मामा प्रेसबरोबर त्या कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालायचे. यंदा डबीला हार चिरंजीवांनी घातला. मामांनी टेबलावरच्या रिकाम्या जागेला कुंकू लावलं.

"तिथं काय आहे मामा?" चिरंजीव हसले.

"जागा हाय की. लई वर्षं राखण केली त्यानं. असंच कसं इसरायचं?"

दसऱ्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारच्या चहाच्या जरा आधी एक जॉब डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, अडकला. मामांनी पायाखालचं पॅडल सोडलं आणि काढायला हात आत घातला. मी पलीकडच्या पॅनलपाशी होते. आणि तो आवाज आला... तोच. लांब, कर्कश, कानात खिळा ठोकल्यासारखा. मामांनी हात खेचला. ठोकळा दाणकन आदळला आणि हातमोज्याचं टोक डायमध्येच राहिलं.

मी धावत जाऊन मेन बंद केला. मामा खाली बसले होते, एकेक बोट चाचपत. "ताई, वाजलं ना? तुमी बी ऐकलं ना?"

ऐकलं होतं. बाकीच्या ऑपरेटरांनीही ऐकलं. एवढंच काय, चिरंजीव केबिनमधून ओरडत बाहेर आले, "तो जुना परत कुणी लावला?"

डबीची स्क्रीन तेव्हा हिरवीगार होती. म्हणजे स्वस्तातल्या त्या मालाला ठोकळा खाली आल्याचं कळलंच नव्हतं.

मी सगळं तपासलं. यूपीएस, सगळ्यांचे मोबाईल, बाहेरच्या गाड्या, शेजारचं शॉप. एकाचाही आवाज तसा नाही. टेबलाखाली एक तुटकी वायरसुद्धा नव्हती. मामा म्हणतात, त्यानं राखलं. मला तसं म्हणता येत नाही, आणि नाही असंही आता छातीठोकपणे म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये गेले. क्लच आणि भोंगा, दोन्ही आजच्या आज पाहिजेत म्हणाले. माझा आवाज चढला होता. चिरंजीवांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी मनात म्हटलं, चला, माणूस घाबरला तरी.

तर म्हणतात कसे, "मॅडम, वेळेवर वाजलं ना आपोआप? मग भोंग्याचा खर्च कशाला?"

ते चेष्टा करत नव्हते.

मी प्रेस चालू करायला नकार दिला, तर त्यांनी दुसऱ्याकडून मेन चालू करून घेतला. मामा आजही त्याच प्रेसवर आहेत. तो आवाज कुठून आला, मला अजून माहीत नाही. त्यानंतर तो पुन्हा आलेला नाही, आणि क्लच मात्र रोज घसरतोय.