हनुवटीवरचा व्रण

त्या प्रकरणात अटक झाली नाही, आरोपपत्रही गेलं नाही. तपासाच्या गोष्टी सांगायला बोलावतात तेव्हा मी दरोडे सांगतो, खून सांगतो. हे सांगत नाही, कारण ते आठवलं की आजही लाज वाटते.

मी ठाण्यातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. दुपारी एका रिक्षाचालकाने फोनवर खबर दिली की कोलशेतचे काही तरुण नौपाड्यातल्या एका कलादालनाकडे निघाले आहेत आणि तिथलं एक चित्र फाडणार आहेत. आमची गाडी त्यांच्या आधी पोहोचली. तरुणांना बाहेरच थांबवलं.

"साहेब, तुम्ही फक्त चहा पिऊन या, तोवर आमचं काम होतंय," त्यांतला एकजण म्हणाला. हसणारे हसले. हवालदाराने त्याची मोटरसायकल ताब्यात घेतल्यावर हसू थांबलं.

चित्र एका मुलीच्या चेहऱ्याचं होतं. केसांत अबोलीचा गजरा, अर्धा चेहरा सावलीत, गालावरून आडवी गेलेली एक दोरी. आक्षेप घ्यावा असं त्यात मला काही दिसलं नाही. पण चित्राचा फोटो समाजमाध्यमांवर गेला होता. चेहरा ओळखून तिच्या वर्गातल्या मुलांनी तो वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि त्याखाली नको ते लिहिलं. बाहेरची माणसंही त्यात पडली. एक बाजू चित्रकाराला फोडा म्हणत होती, दुसरी कलेचं स्वातंत्र्य सांगत होती. मुलगी कोलशेतचीच, नववीत होती. तिने शाळा सोडली होती आणि घराबाहेर पडणंही बंद केलं होतं.

संध्याकाळी तिचे वडील तक्रार द्यायला आले. खाडीवर मासेमारी करणारं जुनं कुटुंब, गावात मान असलेला माणूस. "याने माझ्या पोरीच्या मागे फिरून चोरून फोटो काढले," ते म्हणाले. "आमच्या आया-बहिणी काय रस्त्यावर पडल्यात?"

चित्रकाराला चौकशीसाठी बोलावलं. कोपरला राहणारा, कलाशाळेतून नुकताच बाहेर पडलेला मुलगा. खुर्चीच्या कडेवर बसला होता.

"सर, मी कोलशेतला कधी गेलेलोच नाही."

"मग चेहरा काय स्वप्नात आलेला?" हवालदाराने विचारलं.

"बाजारात दिसला. आमच्या कोपरच्या मासळीबाजारात."

"मुलगी कोपरला आलेली?"

"मुलगी नाही. चेहरा."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, पोरगा आपली थट्टा करतोय. मला वाटलं, हा वेळ काढतोय. मी त्याला फोन टेबलावर ठेवायला सांगितलं आणि बाहेर बसवलं.

अल्पवयीन मुलीचा जबाब महिला अधिकाऱ्याने, साध्या वेशात, तिच्या घरी घ्यायचा असतो. आमच्या महिला उपनिरीक्षक गेल्या. परत आल्यावर त्यांनी पहिलं वाक्य हेच सांगितलं, "सर, मुलीच्या हनुवटीवर टाक्यांचा व्रण आहे. लहानपणी होडीवरून पडलेली. चित्रात तो नाही."

चोरून काढलेल्या फोटोत व्रण आला असता. मग तो पुसला कोणी? त्यांनी मुलीलाच विचारलं होतं. मुलगी म्हणाली होती, "फ्लेक्सवाल्यानं. बड्डेच्या बॅनरसाठी. गोरी पण केलं मला."

चित्रकाराला पुन्हा आत घेतलं. त्याने स्वतःच फोन उघडून दाखवला. कोपरच्या बाजारातली एक मासेवाली आणि तिच्या डोक्यावर उन्हासाठी ताणलेला जुना फ्लेक्स. आमच्याकडे गल्लोगल्ली वाढदिवसाचे बॅनर लागतात आणि उतरले की ताडपत्री होतात. यात पुढाऱ्यांची तोंडं दुमडीत गेली होती. उरला होता एक चेहरा, त्यावर पडलेली छपराची सावली आणि गालावरून गेलेली बांधणीची दोरी.

आम्ही कोपरला गेलो. मासेवाली मुलीची सख्खी आत्या निघाली. "यो आमच्या दादानंच दिला, साहेब," ती म्हणाली. "टाकून कशाला द्यायचा? भाचीची सावली पडते डोक्यावर." पंचनामा करून आम्ही फ्लेक्स उतरवला. ती उन्हात बसली.

ठाण्यात टेबलावर फ्लेक्स पसरला. 'लाडक्या राजकन्येस वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' खाली शुभेच्छुकांची रांग. मधला चेहरा मासळीच्या पाण्याने डागाळलेला. बोलावून घेतलेल्या वडिलांनी वाकून एक डाग अंगठ्याने पुसून पाहिला.

"प्रेमानं लावलेला मी," ते म्हणाले.

"हा पोरगा पण हेच म्हणतो, प्रेमानं काढला," हवालदार म्हणाला. कोपऱ्यात उभ्या चित्रकाराने तोंड फिरवलं.

ग्रुपवर लिहिणाऱ्या मुलांना पालकांसह बोलावून समज दिली. सगळा मजकूर काढून टाकायला लावला. चित्राचा प्रश्न मात्र राहिला होता. कायद्याने ते उतरवायला लावणं अवघड होतं. चित्रकार म्हणाला, मुलगी सांगेल तसं करतो. वडील म्हणाले, मी सांगतो ना. उपनिरीक्षकांनी त्यांना थांबवलं आणि आम्ही चित्रकारालाही घेऊन मुलीच्या घरी गेलो.

तिने फोनवर चित्र मोठं करून पाहिलं. तोवर तिने ते नीट पाहिलंच नव्हतं.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पण काढा."

वडिलांनी सुटकेचा श्वास सोडला. तेव्हा ती त्यांच्याकडे वळली. "बॅनर नको म्हणून पण सांगितलेलं, पप्पा. तुम्ही म्हणालात, लाजतेस काय."

आई स्वयंपाकघरात निघून गेली. चित्रकार चप्पल घालायला बाहेर गेला आणि परत आलाच नाही. वडिलांना बसायला जागा सापडेना.

मुलगी पुढच्या आठवड्यात शाळेत गेली, पण दुसऱ्या. चित्र उतरलं होतं, तक्रार मागे घेतली गेली होती. कागदोपत्री प्रकरण मिटलं.

कला, अब्रू, कायदा यांवर त्या दिवसांत सगळे बोलले. जिचा चेहरा होता, तिचं मत कोणालाच लागलं नव्हतं. त्यानंतर अशी तक्रार आली की मी कलम बघण्याआधी एकच प्रश्न विचारायचो: हा फोटो पहिल्यांदा बाहेर कोणी लावला, आणि तेव्हा पोराला विचारलं होतं का? समोरचा बाप आधी चिडायचा, मग टेबलाकडे बघायचा. मीही टेबलाकडेच बघायचो. आजही माझ्याच फोनवरून नातवाचे फोटो रोज सकाळी साठ-सत्तर माणसांना जातात.