भाऊंनी लावून दिलेला मॉनिटर

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी दौंडच्या एका फोटो स्टुडिओत शिकाऊ म्हणून बसू लागलो. त्याआधी बारा वर्षे मी शिरूरजवळच्या एका विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत होतो. विद्यार्थी मिळेनात म्हणून कला शाखेची तुकडी बंद झाली आणि माझे कामही संपले. दुसरीकडे अर्ज करावेत, कुणाला तरी भेटावे, शब्द टाकावा, हे मला कधी जमले नाही. अनोळखी माणसाला वेळ विचारायची झाली तरी मी आधी मनात वाक्य जुळवून घेतो. अशा माणसाने फोटोग्राफीसारख्या चारचौघांत मिरवण्याच्या धंद्यात पडावे, हे माझे मलाच विचित्र वाटे. परंतु तेव्हा नुकतेच डिजिटल कॅमेरे येऊ लागले होते आणि स्टुडिओच्या आतल्या खोलीत, संगणकापुढे एकट्याने बसून करण्याचे काम वाढले होते. ते मला जमेल असे वाटले.

स्टुडिओच्या मालकांना सगळे भाऊ म्हणत. वयाने ते माझ्याहून धाकटे, तरीही मीदेखील भाऊच म्हणू लागलो. ते मला पहिल्या दिवसापासून ‘सर’ म्हणत. रेल्वे कॉलनीतले निवृत्तीचे समारंभ, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची लग्ने, पासचे फोटो असे त्यांचे काम दांडगे होते. मी शिरूरहून न्हावऱ्यामार्गे एसटीने जाई आणि संध्याकाळच्या गाडीने परत येई. दोन वर्षे हा क्रम चालला.

भाऊंची शिकवण्याची पद्धत मला फार आवडे. पहिल्याच दिवशी त्यांनी एका वऱ्हाडाचा फोटो स्क्रीनवर उघडला आणि विचारले, “सर, ह्यात पांढरं कुठं हाय?”

मी नवरदेवाच्या सदऱ्याकडे बोट दाखवले.

“ते मोतिया हाय. मागं बघा, म्हाताऱ्याची टोपी. आपल्या भागात टोपी असतीच फोटोत. ती पांढरी दिसली की बाकी समदं आपोआप जागेवर येतं. मग केसातलं काळं बघायचं. पांढरं पांढरं, काळं काळं, ह्याच्यामंदीच कॉन्ट्रास्ट आला.”

कलर बॅलन्सच्या पट्ट्या थोड्या थोड्या सरकवत टोपी पांढरी करायला मी शिकलो. ब्राइटनेस किती वाढवावा, कॉन्ट्रास्ट कुठे थांबवावा, हेही डोळ्यांना कळू लागले. माझा स्वभाव पुस्तकी असल्यामुळे मी घरी सॉफ्टवेअरचे एक जाड पुस्तकही वाचत असे. त्यात ड्रॉपर नावाच्या साधनाविषयी लिहिले होते. चित्रातल्या पांढऱ्या किंवा राखाडी जागेवर ते टेकवले की सॉफ्टवेअर स्वतःच रंगांचा तोल सांभाळते. एकदा मी ते टोपीवर टेकवून पाहिले. टोपी पांढरी होण्याऐवजी तांबूस झाली. दोन-तीन फोटोंवर करून पाहिले, प्रत्येक टोपी तांबूस. मी मोठ्या संकोचाने भाऊंना त्याचे कारण विचारले.

ते मोकळेपणाने हसले. “कांपुटरला टोपी म्हंजी काय ठावं, सर? ते ड्रॉपर-बिपर पुस्तकातलं. आपलं काम डोळ्यानं.”

तर्कशास्त्राच्या माणसाने इथे थांबायला हवे होते. यंत्र एक सांगते आणि डोळे दुसरे सांगतात, म्हणजे दोहोंपैकी एकात दोष आहे, इतके साधे अनुमान होते. मी ते केले नाही. एवढ्या अनुभवी माणसापुढे पुस्तक घेऊन उभे राहण्याची मला लाज वाटली.

रोज शटलने पुण्याला ये-जा करणारे एक रेल्वे कर्मचारी आमच्या फोटोंच्या सीडी तिथल्या प्रिंटिंग लॅबमध्ये पोचवत आणि येताना प्रिंटची पाकिटे आणत. पाकिटे भाऊ स्वतः उघडत, मोजत आणि अल्बमवाल्याकडे धाडत. माझ्या हाती पडेपर्यंत त्यांचा अल्बम झालेला असे. ते रंग फार सुंदर असत, आणि त्यात माझा थोडा वाटा आहे या विचाराने मी सुखावत असे.

दोन वर्षांनी मी शिरूरला एक गाळा घेतला. स्वतःचा संगणक आणला आणि सरावाच्या जुन्या फायली त्यावर उघडल्या, तर सगळे फोटो निळसर आणि पांढुरके दिसत होते. मॉनिटर सदोष मिळाला असे मला वाटले. मी भाऊंना फोन केला. ते म्हणाले, “उद्घाटनाला येतोच हाय, तवा बघू.”

ते आले. नारळ आणला, पेढे आणले. नंतर मला बाजूला सरकवून मॉनिटरपुढे बसले आणि त्याच्या खालची बटणे दाबत राहिले. पाव तास तरी लागला असेल. “नवा हाय, कच्चा हाय अजून,” असे म्हणत होते. मग खुर्ची मागे ढकलून म्हणाले, “घ्या. आता माझ्यावानी झाला. ह्या बटनांना कुणाला हात लावू देऊ नका.”

फोटो खरोखरच दौंडला दिसत तसे दिसू लागले होते. भाऊ गेल्यावर मी त्या बटणांवर चिकटपट्टी लावली.

पहिले मोठे काम न्हावऱ्याच्या आबांकडून आले. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. त्यांच्या भावकीत आजवर सगळी लग्ने दौंडच्या भाऊंनी केलेली, तरीही मुलीच्या हट्टामुळे आबांनी हे लग्न माझ्याकडे दिले. भावकीत त्याच हंगामात आणखी दोन लग्ने ठरलेली होती. हा अल्बम साधला तर गाळा चालणार आणि फसला तर मला पुन्हा घरी बसावे लागणार, हे मला स्वच्छ दिसत होते. मी तीनशेवर फोटो एकेक करून दुरुस्त केले. प्रत्येक टोपी पांढरी, प्रत्येक केस काळा.

प्रिंट आल्या तो बाजाराचा दिवस होता. मी पाकीट उघडले आणि काही कळायच्या आतच आबा आणि त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दुकानात शिरले. प्रिंट लपवायलाही सवड मिळाली नाही. हळदीच्या फोटोत हळद हिरवट होती. चेहऱ्यांवर राख फासल्यासारखा निळसर थर होता, आणि काळ्या रंगात जीव नव्हता.

वहिनींनी एक प्रिंट उजेडात धरली. “सर, पोरगी दवाखान्यातनं आणल्यावानी दिसतीया.”

“माझा फेटा गुलाबी व्हता,” आबा म्हणाले. “ह्यात जांभळा कसा काय?”

लॅबची चूक असणार, आठ दिवसांत नवीन प्रिंट देतो, असे मी कसेबसे बोललो. पायऱ्या उतरताना आबा वहिनींना म्हणाले, “दौंडलाच टाकाया पायजे व्हतं.” मला ऐकू जावे असा त्यांचा हेतू नसावा. पण ऐकू आले.

मी लॅबला फोन केला. फोन प्रिंटिंगच्या यंत्रावर बसणाऱ्या माणसानेच घेतला.

“तुमचं काम शून्यावर मारलंय सर. आमच्याकडून काही करेक्शन नाही. नवीन पार्टीला आम्ही हात लावत नाही.” मग त्याने विचारले, “शिकलात कुठं?”

मी सांगितले. तो हसला.

“मग मॉनिटर त्यांनीच लावून दिला असेल. त्यांचा मॉनिटर लाल-पिवळा चढवलेला असतो, कॉन्ट्रास्ट पण जास्त. म्हणजे तुम्ही फोटोतला रंग उतरवत राहणार. त्यांच्या नावाचं सेटिंग आमच्या मशीनला आहे, सगळं परत चढवून मारतो. त्यांच्याकडून सुटलेल्यांची कामं अशीच निळी येतात, तुमचं तिसरं. तुम्हालाही तेच सेटिंग लावू का? एका मिनिटाचं काम आहे.”

विचार करून सांगतो, एवढेच मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी दौंडला गेलो. वाटेत काय बोलायचे ते एसटीत जुळवत होतो. चांगली सहा-सात वाक्ये तयार झाली होती. स्टुडिओत पाय ठेवताच त्यांतले एकही आठवेना आणि मी निळ्या प्रिंट भाऊंच्या टेबलावर नुसत्याच ठेवल्या.

त्यांनी वरची पाहिली आणि ओळखले. “लॅबवाला बोलला व्हय?”

मी मान हलवली.

“सर, हे काय तुमच्यासाठी केलेलं न्हाई. तुमच्या आधी एक जण हितं शिकला आन् समोरच्याच गाळ्यात बसला. तवापासून मॉनिटर वाकडा ठेवलाय. जो शिकंल तो ह्या खुर्चीत शिकंल, बाहेर न्हाई.”

“मी शिरूरचा. तुमच्या समोर बसणार नव्हतो.”

“न्हाई बसणार, ठावं हाय. पण तुमच्या एकट्यासाठी मॉनिटर सरळ कसा करणार? आन् तुम्ही कवा इचारलं?”

“टोपीचं विचारलं होतं.”

त्यांनी निळ्या प्रिंट गोळा करून माझ्याकडे सरकवल्या. मग म्हणाले, “व्हय. ते इचारलं व्हतं.” आणि बाहेर पाहून त्यांनी दोन चहा सांगितले.

“माझ्या दुकानातला मॉनिटर तुम्ही स्वतःच्या हाताने लावलात,” मी म्हणालो.

“मग काय करणार व्हतो? त्यो सरळ व्हता, सर. तसाच ठेवला असता तर हितला वाकडा हाय हे तुम्हाला चार दिसात कळलं असतं.”

या युक्तिवादात मला दोष काढता आला नाही. माझ्याशी त्यांचे वैर नव्हते. त्यांनी मला इतरांहून वेगळे धरले नव्हते, इतकेच. ‘सर’ या संबोधनावरून मी वेगळा आहे असे मीच धरून चाललो होतो. लॅबवाल्याला सांगून माझेही काम त्यांच्यासारखेच मारायला लावतो, असे ते पुन्हा पुन्हा म्हणाले. चहा मी प्यायलो. न पिता उठण्याइतका धीटपणा माझ्यात नव्हता.

लॅबचे ते सेटिंग घेतले असते तर त्याच दिवशी सगळे सुरळीत झाले असते, आणि मी पुढची सगळी वर्षे भाऊंनी वाकवलेल्या काचेतून पाहत राहिलो असतो. मी बटणांवरची चिकटपट्टी काढली. हळदीची निळी प्रिंट दाराजवळच्या उजेडात धरली, तोच दुरुस्त केलेला फोटो, लॅबला पाठवला तसा, स्क्रीनवर उघडला, आणि प्रिंट जितकी वाईट दिसत होती तितकाच स्क्रीनही वाईट दिसेपर्यंत बटणे दाबत राहिलो. आपणच दुरुस्त केलेला चेहरा आपल्याच हाताने निळा करीत जाणे मला कठीण गेले. पण त्या मॉनिटरने खरे दाखवायला तिथेच सुरुवात केली. मग ड्रॉपर टोपीवर टेकवला. टोपी पांढरी झाली.

तीनशेवर फोटो मी पुन्हा केले. आधी चार नमुने शून्यावर मारून आणले, स्क्रीनशेजारी धरून पाहिले, आणि मगच बाकीचे पाठवले.

आठ दिवसांचे बारा झाले. अल्बम घेऊन मी न्हावऱ्याला गेलो. वहिनींनी सगळी पाने सावकाश उलटली. हळदीच्या पानावर त्या बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “आता पोरगी दिसतीया.” आबांनी आपला फेटा पाहिला आणि खुशीत मान डोलावली.

“भाऊ गाठ पडले व्हते दौंडात,” ते म्हणाले. “बोलले, सरांचं काम आडलंय, मी नीट करून देतो. बरं झालं. माणूस शब्दाला पक्का हाय.”

एरवी मी यावर हसून गप्प बसलो असतो. त्या दिवशी म्हणालो, “आबा, हे त्यांनी केलेले नाही. मी केले आहे.” आणि मग मला थांबता येईना. मॉनिटर, बटणे, लॅबचे सेटिंग, समोरच्या गाळ्यात बसलेला तो पहिला शिकाऊ, सगळे मी वर्गात सांगावे तसे क्रमाने सांगितले. आबा अल्बम मांडीवर ठेवून ऐकत होते. वहिनी दारात उभ्या राहिल्या होत्या.

“म्हंजी भाऊनं तुमचा टीव्हीच वाकडा लावून दिला?”

“होय.”

“आन् तुम्ही त्याच्या शेजारी किती दिस बसला व्हता?”

“दोन वर्षे.”

आबांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत अविश्वास नव्हता. तो असता तर मला सोसवला असता. “दोन वर्सं, आन् कळलं न्हाई,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि वहिनींना चहा टाकायला सांगून त्यांनी अल्बम मिटला. भावकीतल्या दुसऱ्या दोन लग्नांचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मीही काढला नाही.