दारावरचं पिवळं फडकं

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता माझी पंचाहत्तरी उलटली आहे, आणि ज्यांना सांगायची होती त्या गेल्या.

“त्याच्या योजनेत आहे, भाऊ.” आमच्या शेजारच्या बाई वर बोट दाखवून हे वाक्य कशालाही लावायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. बस चुकली, योजनेत. दूध नासलं, योजनेत.

“बाई, दुधाचीही योजना?”

“पनीर खाल्लंत ना काल? मग!”

बाई नगरकडच्या, ख्रिस्ती. इथे जपानात, सेंदाईला मुलाजवळ आलेल्या. तो इथल्या विद्यापीठात संशोधन करायचा. वर्षभरात तो मोठ्या आजारानं इस्पितळात पडला आणि बाई घरी एकट्या राहिल्या. रोज जाऊन त्याच्या उशाशी स्तोत्रं वाचायच्या. तो भिंतीकडे तोंड करायचा. “नको वाचूस, आई. कोणी ऐकत नाहीये.”

आमच्या इमारतीत प्रत्येक घराला एक पिवळं फडकं दिलेलं असतं. भूकंप झाला की ‘आम्ही सुखरूप’ म्हणून ते दाराबाहेर बांधायचं. शोधपथक ते दार सोडून पुढे जातं. आमच्या मजल्याची जबाबदारी माझ्याकडे होती. सरावाच्या दिवशी बाईंचं दार बोडकं.

“त्यात चक्का टांगलाय, भाऊ. वीण फार छान आहे हो!”

तेव्हापासून मी एक जादा फडकं जवळ ठेवलं.

एका रविवारी सकाळी मोठा धक्का बसला. थोड्या वेळानं मी मजल्यावर फेरी मारली. सगळी दारं पिवळी, बाईंचं सोडून. रविवारी त्या प्रार्थनेला जातात, हे मला पाठ होतं. दार न ठोठावता मी जादाचं फडकं त्यांच्या कडीला बांधलं. गाठ मारताना आत कोणी गुणगुणल्यासारखं वाटलं. वारा नव्हता, तरी ओळीतली सगळी फडकी हलत होती. मी भराभर खाली उतरलो.

शोधपथक आलं आणि त्या दारावरून पुढे गेलं.

संध्याकाळी आसऱ्याला शाळेत जमलेल्यांत बाई दिसल्या नाहीत. मी वर धावलो. आता आवाज स्पष्ट होता, अगदी जमिनीलगतून येणारा, बाईंच्या स्तोत्राचा: मृत्युच्छायेच्या दरीतही मी भिणार नाही. दार फोडलं. तापामुळे त्या घरीच राहिल्या होत्या, आणि दिवसभर कपाटाखाली अडकून पडल्या होत्या.

स्ट्रेचरवरून नेताना त्यांची नजर दारावर थांबली.

“हे कोणी बांधलं? माझं तर स्वयंपाकघरात आहे.”

मी तोंड उघडलं, पण त्याच पुढे बोलल्या. “बायबलात नाही का, मिसर देशात देवाच्या लोकांच्या दारांवर खूण होती, भाऊ. ती बघून मृत्यूचा दूत पुढे गेला. तसाच आज इथून गेला.”

पुढे गेला तो दूत नव्हता. शोधपथक होतं.

ते फडकं बाईंनी मुलाच्या पलंगाला बांधायला लावलं. एका दुपारी खरं सांगायचंच, असं ठरवून मी इस्पितळात गेलो. मुलगा उठून बसला होता. “आई, पुढचं वाच ना,” म्हणत होता. संत्री ठेवून मी परत आलो.

तो बरा झाला. दोघं नगरला परतली. परवा त्याचा फोन आला, आई गेली म्हणून.

“पेटीत तिच्या हातात ते फडकं दिलं, काका. कोणी बांधलं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही बघा.”

इथे कोणाला धक्का लागला, वाट हवी असली, की मी दिवसभर ‘सुमिमासेन’, माफ करा, म्हणत असतो. माफीची एवढी सवय झालेली जीभ. फोनवर तो थांबला होता.

“पाऊस आहे का रे तिकडे?” मी विचारलं.

बाई, ते मी बांधलं. आधी दार ठोठावायला हवं होतं. माझं चुकलं.