वहीतली सरळ रेघ

चाकूरात कुणाला कळू नये म्हणून मी एचआयव्हीच्या गोळ्या आणायला थेट नांदेडला जायचे. घरी सांगायचे, गुडघा दाखवायला चालले. तिथल्या रांगेत तो माणूस हमखास दिसायचा. इस्त्रीचा शर्ट, बोटांना खडूची पूड, मांडीवर आलेखाची वही. दर सहा महिन्यांनी रक्ततपासणीचा कागद हाती आला की हळूच विचारायचा, "ताई, पांढऱ्या पेशी किती झाल्या?"

मला तो पेपरचा बातमीदार वाटायचा, नाहीतर सासरच्यांनी मागावर धाडलेला. म्हणून दरवेळी मी मागच्या आकड्यात पन्नास मिळवून सांगायचे. तो मान हलवून वहीत टिंब द्यायचा.

चौथ्या वेळी पेशी घसरल्या होत्या. या गोळ्यांचा काही उपयोग नाही, आता बंदच करायच्या, असं मी ठरवून टाकलं. त्यानं विचारलं तेव्हा मात्र पुन्हा पन्नास वाढवूनच सांगितले.

त्यानं वही माझ्यापुढं धरली. नाव कुणाचंच नव्हतं, नुसत्या वाकड्यातिकड्या रेघा. एकच पट्टीनं आखल्यासारखी सरळ.

"ही तुमची," तो म्हणाला. "मी लातूरला क्लासमध्ये गणित शिकवतो. पेशी अशा सरळ चढत न्हाईत, ताई. आधी भराभर वाढतात, मग दमतात, मधीच घसरतात बी. ही खालची रेघ माझी. बघा, इथं घसरली. गोळ्या सोडल्या न्हाईत, म्हणून पुन्हा चढली."

मी त्याच्या रेघेतल्या त्या घसरणीवर बोट ठेवलं. मग सख्ख्या बहिणीलाही न सांगितलेला खरा आकडा त्याला सांगितला आणि गोळ्यांच्या खिडकीपुढं जाऊन उभी राहिले.