हाशमचं पिस्तूल आणि आमची आकडी

हाशमचं पिस्तूल वाळूत पडलं तेव्हा मी तिथं नव्हतो. पण ती गोष्ट त्यानं मला इतक्यांदा सांगितली, की ते कुठल्या कुशीवर पडलं तेही मी सांगेन.

साल दोन हजार सहा. जुबैलला मी कंपनीच्या सुतारखान्यात होतो. हाशम तिथलाच सौदी माणूस, आमच्या बसगाड्यांचा डिस्पॅचर. कुठली बस कुठल्या प्लँटला जायची, कुठल्या ड्रायव्हरची झोप झाली नाही, सगळं त्याला तोंडपाठ. पोट थोडं सुटलेलं, हसू त्याहून जास्त सुटलेलं. चहा असा करी, की पठाण ड्रायव्हर आपले थर्मास बाजूला ठेवत. आणि अशा माणसाला नाद कसला, तर पिस्तुलाच्या शर्यतीचा!

एका जागी उभं राहून नेम धरायचा खेळ नव्हे तो. कमरेचं पिस्तूल काढायचं, एका आडोशाकडून दुसऱ्याकडे पळायचं, पळता पळता गोळ्यांचं मॅगझिन बदलायचं, आणि समोरचे पुठ्ठे नि लोखंडी पत्रे टिपायचे. घड्याळ चालूच. पिस्तूल खाली पडलं की खलास, गुण शून्य, सरळ घरी.

हाशमचं तेच झालं. चपळ गडी वापरतात म्हणून यानंही उघडं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, घेतलं होतं. त्याला बाजूच नसतात. पिस्तूल नुसतं अडकतं, आणि एक खटका त्याला धरून ठेवतो. त्या दिवशी आधी पळायचं आणि मग पिस्तूल काढायचं होतं. हाशम घाईत खटका लावायला विसरला. तो पुढे, पिस्तूल मागे!

त्याच्या नेमबाजी क्लबाच्या टीमचा कॅप्टन म्हणाला, "हिवाळ्याच्या सामन्यापर्यंत सुधारलास तर टीममध्ये. नाहीतर तू चहा कर, नेमबाजी आम्ही करतो."

सगळे हसले, हाशमही हसला. पण दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला तो न हसता. क्लबातलं पिस्तूल बाहेर न्यायची सोय नव्हती. म्हणाला, "दत्ता, मला लाकडाचं करून दे. वजन मात्र खऱ्याचं हवं." आमची बोली म्हणजे हिंदी, अरबी आणि हातवारे, पण अडायचं नाही कधी.

मी बीच झाडाच्या लाकडाचं केलं, पोटात शिसं भरलं. आमचा दाभोळचा मुस्तफा, बसचा ड्रायव्हर, तो बघून म्हणाला, "दत्ताभाऊ, जन्मभर पाट-पोळपाट केलेत तेच बरं होतं. ह्या खेळण्यापायी इकामा जायचा तुमचा, राहायचा परवाना रद्द नि थेट घरी!"

"तुझी बस हाशमच्या हातात आहे," मी म्हटलं, "गप पॉलिश मारू लाग."

दर शुक्रवारी दुपारी सुतारखाना रिकामा असे. हाशम तिथं सराव करी. मी बघत बसे. हात कमरेकडे गेला की याची मानही खाली जाई. मला राहवेना. आमच्या लांज्याकडे माडावर चढणारा गडी कमरेला मागच्या बाजूला आकडी बांधतो. लाकडाचा तुकडा, त्याला खाच, खाचेत कोयता. हात बरोबर जातो, बघावं लागत नाही. म्हटलं, हेच तर होल्स्टर! रात्रपाळीवाल्यांच्या खुर्च्या बाजूला ठेवून आधी मी आकडी केली आणि मोठ्या दिमाखात हाशमच्या पाठीमागे बांधली.

हाशमनं लाकडी पिस्तूल मागून उपसलं, थबकला, आणि हसता हसता लाकडाच्या ढिगावर बसला. "सदीक, दोस्ता, यात पहिली गोळी माझ्याच बसायच्या जागेला! दुसरी मागे उभ्या असलेल्या पंचाला!"

मुस्तफा तर जमिनीवर लोळायचा बाकी होता. मीही हसलो, काय करणार?

पण हाशम ती आकडी हातात फिरवत राहिला. "यातून कोयता पडत नाही?"

"वाकला, घसरला, तरी नाही. काढायला जरा उशीर लागतो, एवढंच."

"उशीर झाला तर?"

"झाला तर झाला. नारळ कुठं पळून जातो?"

हाशमनं आकडी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "पत्रेही पळत नाहीत."

त्या आठवड्यात त्यानं ते उघडं होल्स्टर एका तरण्या पोराला देऊन टाकलं आणि साधं, चारी बाजूंनी बंद प्लास्टिकचं घेतलं. पट्टा असा आवळला, की जेवल्यावर कुरकुर करी. मॅगझिनच्या खोळी डाव्या कमरेवर पुढे सरकवल्या. पळताना पिस्तुलाचं तोंड पळायच्या दिशेला वळतं, ते चालत नाही. ते समोर पत्र्यांकडेच राहावं म्हणून आरशासमोर आडवा चालायचा, खेकड्यासारखा.

सामन्याला मी आणि मुस्तफा गेलो. कानांत बोळे घालून बसलो. भोंगा वाजला, हाशम पळाला. पट्ट्यातलं पिस्तूल जागचं हललं नाही. थांबला, काढलं, मान वर. ठण्ण, ठण्ण, पत्रे लवंडले. मग डावीकडे पळताना मॅगझिन हातातून निसटलं! मुस्तफानं माझा गुडघा धरला. खाली वाकला असता तर पिस्तुलाचं तोंड कुठंही गेलं असतं. हाशमनं बघितलंसुद्धा नाही. हात पुढच्या खोळीवर, दुसरं मॅगझिन आत, पिस्तूल समोर. बाकीचे पत्रे त्यानं सावकाश, माडावरून नारळ पाडावे तसे पाडले.

नंबर कुठे आला? मधेच कुठेतरी. पण त्याच्या टीमच्या खात्यात एकही शून्य लागलं नाही. कॅप्टननं त्याच्या खांद्यावर थाप मारली, "पुढच्या सामन्यालाही तू." मग जरा चाचरत, "पण मग चहा कोण करणार?"

"मीच," हाशम म्हणाला. "तुझा चहा कोणाला पिववतो?"

मी नोकरी संपवून गावी निघालो तेव्हा लाकडी पिस्तूल मागितलं, नातवंडांसाठी. "विमानतळावर दाखव तर खरं," म्हणत त्यानं ते ड्रॉवरमध्ये टाकलं. आकडीही दिली नाही. ती त्याच्या ऑफिसात भिंतीला ठोकली होती, आणि खाचेत बसच्या किल्ल्या लटकत होत्या. मुस्तफा सांगतो, एकही कधी पडली नाही.